सिद्धान्त, इतिहास आणि श्रद्धावान व्यक्ती : मूल्यमापनाच्या निकषांचा विचार

प्रस्तावना

कोणत्याही धर्माला ग्रंथ असतात, सिद्धान्त असतात आणि दीर्घ इतिहास असतो. या तिन्हींची चिकित्सा करणे हा ज्ञानव्यवहाराचा आवश्यक भाग आहे. महाराष्ट्रात तर महात्मा फुले, आगरकर, डॉ. आंबेडकर, हमीद दलवाई अशी धर्मचिकित्सेची समृद्ध परंपरा आहे. परंतु धर्माची चिकित्सा आणि त्या धर्माच्या एखाद्या अनुयायाचे मूल्यमापन या दोन गोष्टी एक नव्हेत. व्यवहारात मात्र त्यांची सहज गल्लत होते. भाड्याने घर मागणारा, नोकरीसाठी मुलाखतीस आलेला, निवडणुकीस उभा राहिलेला किंवा वर्गात पहिल्या दिवशी आपले नाव सांगणारा माणूस स्वतः काय मानतो आणि कसा वागतो हे पाहण्याआधीच त्याच्या धर्मग्रंथात काय लिहिले आहे, त्याच्या धर्मबांधवांनी पूर्वी काय केले, यावरून त्याच्याविषयीचे मत पक्के होते.

प्रस्तुत लेखात या गल्लतीचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी १९२७ या एकाच वर्षातील दोन घटना मुख्यतः आधारास घेतल्या आहेत. पहिली अमेरिकेतील असून दुसरी महाडची आहे. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. तथापि पहिल्या घटनेत ग्रंथावरून व्यक्तीला तोलले गेले, तर दुसऱ्या घटनेत ग्रंथाचा कठोर निषेध करूनही व्यक्तीला तिच्या कृतीवरून तोलले गेले. म्हणूनच त्यांची तुलना उद्बोधक ठरते.

तीन भिन्न प्रश्न

एखाद्या धर्माविषयी बोलताना तीन वेगवेगळे प्रश्न उपस्थित होतात. धर्माचे अधिकृत वचन काय आहे, हा पहिला प्रश्न होय. त्याचे उत्तर ग्रंथ, भाष्ये आणि धर्मपीठांचे निर्णय यांच्या अभ्यासातून मिळते. त्या धर्माच्या नावाने इतिहासात काय घडले, हा दुसरा प्रश्न असून त्याचे उत्तर कागदपत्रे आणि इतिहाससंशोधन देतात. समोरची व्यक्ती स्वतः काय मानते आणि कशी वागते, हा तिसरा प्रश्न. त्याचे उत्तर त्या व्यक्तीचे आचरण आणि तिचे स्वतःचे म्हणणे यांखेरीज कोठेही मिळत नाही.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कितीही अचूक असली तरी त्यांतून तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपोआप निघत नाही. याची कारणे तीन आहेत. एक, कोणत्याही मोठ्या धर्माचे ग्रंथ एकमुखी नसतात. त्यांत दयेची वचने असतात तशी कठोर वचनेही असतात आणि अनुयायी त्यांतून निवड करीतच जगत असतो. दोन, बहुसंख्य लोकांना धर्म जन्माने मिळतो. सण, उपवास, प्रार्थना, विवाह आणि अंत्यविधी यांतून तो त्यांच्यापर्यंत पोहोचतो, सिद्धान्तग्रंथांतून क्वचितच पोहोचतो. तीन, सिद्धान्तांचे अर्थ काळानुसार बदलतात आणि हा बदल पुष्कळदा सामान्य अनुयायांच्या जगण्यात आधी घडून मग अधिकृत वचनात उमटतो. या तिसऱ्या कारणाचा प्रत्यय पुढील घटनेत येतो.

अमेरिका, १९२७ : एका उमेदवाराची परीक्षा

आल्फ्रेड स्मिथ (जन्म १८७३) हे न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर होते. गरीब वस्तीत वाढलेल्या स्मिथ यांना लहानपणीच शाळा सोडावी लागली. मासळीबाजारात काम करून पुढे आलेले हे गृहस्थ गव्हर्नरपदावर चार वेळा निवडून आले. ते रोमन कॅथलिक होते. १९२८ च्या अध्यक्षीय निवडणुकीसाठी त्यांचे नाव पुढे येऊ लागले, तेव्हा एप्रिल १९२७ च्या 'अटलांटिक मंथली' या नियतकालिकात चार्ल्स मार्शल या वकिलाचे स्मिथ यांना उद्देशून अनावृत पत्र प्रसिद्ध झाले.

पत्राची भाषा सभ्य होती. त्यात शिवीगाळ नव्हती, अफवा नव्हत्या. मार्शल यांनी पोपची धर्मपत्रे आणि चर्चची अधिकृत वचने अभ्यासपूर्वक उद्धृत केली होती. धर्मसत्ता आणि राजसत्ता यांच्या संबंधाविषयी चर्चची शिकवण अमेरिकेच्या संविधानाशी विसंगत आहे, अशी त्यांची मांडणी होती. या दोहोंत संघर्ष उभा राहिल्यास निष्ठावान कॅथलिक असलेले स्मिथ कोणाची आज्ञा पाळतील, असा त्यांचा प्रश्न होता.

या युक्तिवादाची घडण तपासण्याजोगी आहे. चर्चची शिकवण अमुक आहे, स्मिथ त्या चर्चचे अनुयायी आहेत, म्हणून स्मिथ अमुक प्रकारे वागतील, अशी ती साखळी आहे. पहिली दोन विधाने वादासाठी खरी मानली तरी तिसरे विधान त्यांतून निष्पन्न होत नाही. त्यासाठी आणखी एक विधान गृहीत धरावे लागते. ते असे की, प्रत्येक कॅथलिक चर्चचे प्रत्येक वचन जाणतो, ते एकाच अर्थाने स्वीकारतो आणि इतर सर्व कर्तव्यांपेक्षा श्रेष्ठ मानतो. हे गृहीतक मार्शल यांनी सिद्ध केले नव्हते आणि ते सिद्ध होण्यासारखेही नव्हते. धर्मपत्रांविषयीचे हे आरोप ऐकून, धर्मपत्र म्हणजे आहे तरी काय, असा प्रश्न स्वतः स्मिथ यांनीच सहकाऱ्यांना केल्याची आख्यायिका सांगितली जाते. ती अक्षरशः खरी असो वा नसो, जन्मभर नियमाने प्रार्थनेस जाणारा मनुष्य सिद्धान्तग्रंथांपासून किती दूर असू शकतो, हे ती नेमके दाखविते.

स्मिथ यांचे उत्तर मे १९२७ च्या अंकात आले. ते तयार करण्यात फादर फ्रान्सिस डफी या कॅथलिक धर्मगुरूंचे आणि न्यायाधीश जोसेफ प्रॉस्कॉअर या ज्यू सहकाऱ्याचे साहाय्य होते. ही बाबच पुरेशी बोलकी आहे. उत्तराचा रोख सिद्धान्तांच्या वादापेक्षा आचरणाकडे अधिक होता. सर्व कॅथलिक एकाच साच्यातून काढल्यासारखे विचार करतात ही समजूत त्यांनी नाकारली. प्रत्येक धर्माधिकाऱ्याच्या प्रत्येक विधानाचे समर्थन आपल्याकडून अपेक्षिणे न्याय्य नाही, असे सांगून त्यांनी आपल्या कारकिर्दीतील नेमणुका आणि सार्वजनिक शाळांसाठी केलेली तरतूद वाचकांपुढे ठेवली. मला माझ्या कामावरून ओळखा, असा त्या उत्तराचा आशय होता.

१९२८ च्या निवडणुकीत स्मिथ यांचा मोठा पराभव झाला. हर्बर्ट हूवर यांना ४४४ निर्वाचक मते मिळाली आणि स्मिथ यांना ८७. या पराभवाला धर्म हे एकच कारण नव्हते. त्या काळातील आर्थिक भरभराट आणि दारूबंदीचा वादही त्यामागे होता. तथापि धर्माच्या मुद्द्याने त्या प्रचारात मोठी जागा व्यापली होती. येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. विजयी झालेले हूवर हे क्वेकर पंथाचे होते आणि युद्धाला नकार ही त्या पंथाची प्रसिद्ध शिकवण आहे. अमेरिकेचा अध्यक्ष हा सैन्यदलांचा सरसेनापती असतो. मार्शल यांची कसोटी सर्वांना सारखी लावायची तर हूवर यांनाही तितक्याच आग्रहाने जाब विचारावा लागला असता. तसे झाले नाही. सिद्धान्तावरून व्यक्तीला जोखण्याची कसोटी सहसा आपल्या मनात आधीच संशय असलेल्या समाजालाच लावली जाते, हे यावरून दिसते.

पुढे १९६० मध्ये जॉन केनेडी यांनाही हाच प्रश्न आला. १२ सप्टेंबर १९६० रोजी ह्यूस्टन येथे प्रॉटेस्टंट धर्मगुरूंच्या सभेत त्यांनी धर्मसत्ता आणि राजसत्ता यांच्या विभक्ततेवरील आपला विश्वास स्पष्टपणे मांडला आणि ते निवडून आले. त्यानंतर ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या घोषणापत्राद्वारे चर्चने धर्मस्वातंत्र्याचे तत्त्व अधिकृतपणे स्वीकारले. त्या घोषणापत्राच्या घडणीत जॉन कोर्टनी मरे या अमेरिकन धर्मपंडिताचा मोठा वाटा होता. म्हणजे स्मिथ यांनी १९२७ मध्ये जे जगून दाखविले होते, ते चर्चच्या अधिकृत वचनात यायला अडतीस वर्षे लागली. वचनावरून व्यक्तीचा अंदाज बांधणारे टीकाकार उद्याच्या वचनाची चाहूल देणाऱ्या व्यक्तीलाच ओळखू शकले नाहीत.

महाड, १९२७ : ग्रंथाचा निषेध आणि व्यक्तीचा स्वीकार

त्याच वर्षी तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील महाड येथे अस्पृश्यतेविरुद्धचा ऐतिहासिक लढा उभा राहिला. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याविषयीचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला होता. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. प्रत्यक्षात अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना तेथे पाणी भरता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेच्या प्रतिनिधींनी तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला आणि पुढे तळ्याचे 'शुद्धीकरण'ही करण्यात आले.

या अन्यायाचा आधार धर्मग्रंथात होता, हे डॉ. आंबेडकरांनी निःसंदिग्धपणे मांडले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथेच मनुस्मृतीचे जाहीर दहन झाले. ग्रंथाविषयी यापेक्षा कठोर भूमिका संभवत नाही. मात्र त्या दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते. ज्या ग्रंथाने त्यांच्या जन्माला सर्वोच्च स्थान दिले, त्याच ग्रंथाच्या दहनाचा ठराव त्यांनी मांडला. अनंतराव चित्रे आणि सुरेंद्रनाथ टिपणीस हे कायस्थ समाजातील कार्यकर्तेही या लढ्यात अग्रभागी होते. डिसेंबरच्या परिषदेसाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी आपली जागा दिली.

या लढ्याच्या काळात ब्राह्मणेतर चळवळीतील केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी डॉ. आंबेडकरांना पाठिंबा देऊ केला. सत्याग्रहात ब्राह्मणांना सहभागी करून घेऊ नये, ही त्यांची अट होती. आंदोलनाला मनुष्यबळाची गरज होती, त्यामुळे हा पाठिंबा मोलाचा होता. तरीही डॉ. आंबेडकरांनी ही अट अमान्य केली. एप्रिल १९२७ मध्ये सुरू झालेल्या 'बहिष्कृत भारत' या पाक्षिकात त्यांनी आपली भूमिका मांडली. तिचा आशय असा की, विरोध ब्राह्मण व्यक्तींना नसून ब्राह्मण्याला, म्हणजे उच्चनीच मानणाऱ्या वृत्तीला आहे. ही वृत्ती ब्राह्मणेतरातही असू शकते आणि एखादा ब्राह्मण तिच्यापासून मुक्तही असू शकतो.

ही भूमिका केवळ औदार्याची नव्हती, तिच्यामागे काटेकोर विचार होता. जन्मावरून माणसाची योग्यता ठरविणे हेच ज्या व्यवस्थेचे पाप, त्या व्यवस्थेविरुद्ध लढताना जन्मावरूनच सहकारी नाकारले असते, तर लढ्याचे तत्त्वच हातून निसटले असते. याचा अर्थ सर्वांना निर्दोष ठरविले गेले असाही नाही. हल्ला करणारे, तळे 'शुद्ध' करणारे आणि न्यायालयात दावा दाखल करणारे यांना त्यांच्या कृत्यांसाठी जबाबदार धरले गेले. तो न्यायालयीन लढा पुढे दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय अस्पृश्यांच्या बाजूने लागला. व्यक्तीला कृतीवरून तोलण्याची कसोटी दोषी व्यक्तीला सूट देत नाही. दोष नेमका कोणाचा, हे मात्र ती निश्चित करते.

इतिहासाचे ओझे कोणाच्या खांद्यावर?

सिद्धान्ताप्रमाणेच इतिहासावरूनही व्यक्तीला जबाबदार धरले जाते. गोव्याचे उदाहरण मराठी वाचकांना जवळचे आहे. १५६० मध्ये तेथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, स्थापन झाले आणि मधला अल्प खंड वगळता ते १८१२ पर्यंत चालले. त्याचा इतिहास क्रूर आहे, तो लपविण्याचे कारण नाही. परंतु या इतिहासाचा जाब आजच्या गोमंतकीय ख्रिस्ती माणसाकडे मागणाऱ्याला एक तपशील सहसा ठाऊक नसतो. या न्यायालयाचा अधिकार मुख्यतः बाप्तिस्मा घेतलेल्यांवर चालत असे. जुन्या चालीरीती गुपचूप पाळल्याच्या आरोपावरून नवख्रिस्ती कुटुंबांचाच छळ मोठ्या प्रमाणावर झाला. म्हणजे ज्यांच्याकडे आज जाब मागितला जातो, त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज त्या अन्यायाचे बळी होते. पुढे पोर्तुगीज सत्तेविरुद्ध १९२८ मध्ये गोवा काँग्रेस समिती स्थापन करणारे त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा हे ख्रिस्ती घराण्यातीलच होते. १९४६ मध्ये त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालमधील तुरुंगात पाठविण्यात आले.

युरोपातील ज्यूंवर तर येशूच्या मृत्यूचा दोष शतकानुशतके लादला गेला. त्या आरोपाच्या छायेत अगणित निरपराध माणसांनी अपमान, हद्दपारी आणि हत्या सोसल्या. ऑक्टोबर १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले की, हा दोष त्या काळच्या सर्व ज्यूंवर अथवा आजच्या ज्यूंवर ठेवता येणार नाही. याउलट कोकणातील बेने इस्रायल समाजाकडे त्यांच्या शेजाऱ्यांनी या आरोपाच्या नजरेने कधी पाहिले नाही. हा समाज तेल गाळण्याचा व्यवसाय करी आणि शनिवारी काम बंद ठेवी. त्यावरून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. या नावात जातिव्यवस्थेची चौकट आहे हे खरे. परंतु शेजाऱ्यांनी ओळख ठरविली ती समोर दिसणाऱ्या कामावरून आणि रीतीवरून, दूरच्या कोणत्या आरोपावरून नव्हे. आरोप तोच राहिला असता आणि शेजारी मात्र युरोपीय असते, तर त्याच माणसांच्या वाट्याला वेगळे आयुष्य आले असते.

'खरा' अनुयायी कोण हे ठरविणार कोण?

सिद्धान्तावरून व्यक्तीला जोखणाऱ्याचे गृहीतक असे असते की, ग्रंथाप्रमाणे वागणारा तोच खरा अनुयायी आणि वेगळा वागणारा हा अपवाद. हेच गृहीतक धर्मातील कट्टर पक्षाचेही असते. बाहेरचा पूर्वग्रह आणि आतला कर्मठपणा येथे एकमेकांना दुजोरा देतात आणि त्यांत सुधारकाची कोंडी होते.

हमीद दलवाई (१९३२-१९७७) यांचे कार्य या दृष्टीने अभ्यसनीय आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. एकतर्फी तलाक आणि बहुपत्नीत्व यांना आळा घालण्याची मागणी त्यात होती. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. त्यांनी आपल्या समाजातील धर्माधिष्ठित राजकारणावर कठोर टीका केली, त्याबद्दल समाजातून विरोधही सोसला. त्या सात महिलांना ग्रंथातील कलमांवरून ओळखू पाहणाऱ्याला त्यांचे धैर्य कधीच दिसले नसते. त्या एका परंपरेत जन्मल्या होत्या, तिच्यातील अन्याय त्यांना भोगावा लागला होता आणि त्याविरुद्ध त्या रस्त्यावर उतरल्या होत्या. सिद्धान्तावरून निवाडा करणारी दृष्टी अन्याय करणारा आणि अन्याय सोसणारा या दोघांवर एकच शिक्का मारते.

न्यायव्यवहारातील एक निर्णय

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ ने धर्माच्या आधारे भेदभावास मनाई केली आहे, तर अनुच्छेद २५ ने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य प्रत्येक व्यक्तीला दिले आहे. हे स्वातंत्र्य व्यक्तीचे आहे, ही बाब १९८६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निर्णयातून स्पष्ट होते. केरळमधील एका शाळेतून 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाच्या तीन भावंडांना काढून टाकण्यात आले होते. राष्ट्रगीत म्हणणे आपल्या श्रद्धेत बसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने दोन गोष्टींकडे लक्ष दिले. पहिली गोष्ट म्हणजे ही श्रद्धा इतरांच्या बुद्धीला पटते की नाही यापेक्षा ती त्या मुलांनी प्रामाणिकपणे बाळगलेली आहे काय. दुसरी म्हणजे राष्ट्रगीताच्या वेळी ती मुले प्रत्यक्षात कशी वागली. ती आदराने उभी राहत होती. म्हणून त्यांचे निष्कासन न्यायालयाने रद्द ठरविले. एखाद्या पंथाची शिकवण ऐकून त्याच्या अनुयायांना देशाविषयी अनादर असणारच, असा निष्कर्ष काढणाऱ्याने ती मुले उभी होती, हे पाहिलेच नसते.

संभाव्य आक्षेप

या विवेचनावर तीन आक्षेप घेता येतील. सिद्धान्तांचा आचरणावर परिणाम होतोच, मग तो दुर्लक्षिता कसा येईल, हा पहिला आक्षेप. तो निराधार नाही. १९३६ मध्ये जातिनिर्मूलनावरील प्रबंधात डॉ. आंबेडकरांनी, लोक जात पाळतात ते दुष्टपणामुळे नव्हे तर धर्मनिष्ठेमुळे, म्हणून आघात शास्त्रांच्या प्रामाण्यावर केला पाहिजे, असेच प्रतिपादन केले. परंतु या प्रतिपादनाची दिशा लक्षात घेतली पाहिजे. ते दोष ग्रंथाच्या अधिकाराकडे नेते आणि माणसाला बदलण्याची वाट मोकळी ठेवते. ग्रंथावरून माणसाला कायमचा दोषी ठरविणारी दृष्टी नेमकी ही वाट बंद करते.

अनुयायांवर कोणतीच सामूहिक जबाबदारी नाही काय, हा दुसरा आक्षेप. जबाबदारी असते, पण ती अधिकाराच्या आणि समर्थनाच्या प्रमाणात असते. धर्मसंस्थेच्या वतीने निर्णय घेणारा, अन्यायाचे आज समर्थन करणारा आणि त्यातून लाभ उठविणारा हे उत्तरदायी आहेत. केवळ त्या धर्मात जन्मलेल्या विद्यार्थ्याने दूरदेशी घडलेल्या हिंसेचा प्रत्येक वेळी निषेध करून स्वतःचे निरपराधित्व सिद्ध करावे, ही अपेक्षा न्याय्य नाही.

सार्वजनिक पदासाठी उभ्या राहणाऱ्याला त्याच्या श्रद्धेविषयी प्रश्नच विचारू नयेत काय, हा तिसरा आक्षेप. प्रश्न विचारण्यास हरकत नसावी. मात्र तो सर्वांना सारखा विचारला जावा, मिळालेले उत्तर ऐकून घ्यावे आणि ते त्या व्यक्तीच्या कारकिर्दीशी ताडून पाहावे. सिद्धान्त प्रश्न सुचवू शकतो, उत्तर मात्र त्या व्यक्तीकडूनच आले पाहिजे.

निष्कर्ष

धर्माचे वचन, धर्माचा इतिहास आणि धर्माचा अनुयायी हे तीन वेगळे अभ्यासविषय असून प्रत्येकासाठी वेगळा पुरावा लागतो. ग्रंथाची चिकित्सा ग्रंथाच्या आधारे आणि इतिहासाची चिकित्सा साधनांच्या आधारे निर्भयपणे व्हावी. व्यक्तीचे मूल्यमापन मात्र तिच्या आचरणावरून आणि तिच्या स्वतःच्या शब्दावरून व्हावे. मार्शल यांच्यापाशी अभ्यास होता, सभ्यता होती, तरी त्यांचे अनुमान चुकले, कारण एका प्रश्नाचा पुरावा त्यांनी दुसऱ्या प्रश्नासाठी वापरला. महाडच्या लढ्याने याच्या नेमके उलट केले. तेथे ग्रंथ अग्नीच्या स्वाधीन झाला आणि त्या ग्रंथाने ज्याला श्रेष्ठ ठरविले होते, तो माणूस सहकारी म्हणून शेजारी उभा राहिला. धर्मचिकित्सा आणि माणसाविषयीचा न्याय यांत एकाची निवड करावी लागत नाही, हे महाडने दाखवून दिले आहे. वर्गात, कार्यालयात आणि शेजारात हा विवेक रोज नव्याने पाळावा लागतो.